मनोरंजन उद्यानातील प्रतीक्षा आणि खानदेशातील पर्यटक

गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये, तर खोपोलीजवळील इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. जळगाव-धुळ्याची कुटुंबे अशा ठिकाणी प्रामुख्याने सुट्यांत, म्हणजेच ऐन गर्दीत पोहोचतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील संख्येस ताशी क्षमतेने भागल्यास सरासरी प्रतीक्षाकाळ मिळतो. समजा, रांगेत ३०० जण असून पाळण्याची ताशी क्षमता ६०० आहे; प्रतीक्षा ३० मिनिटांची होईल. वार्षिक पासधारकांच्या स्वतंत्र रांगेसाठी ताशी १०० जागा राखल्यास सामान्य रांगेतील प्रतीक्षा ३६ मिनिटांवर जाते. वारंवार येऊ शकणाऱ्या मुंबई-पुणेकरांना असा पास परवडतो. वर्षातून एकदाच येणाऱ्या खानदेशी कुटुंबास मात्र वाढीव प्रतीक्षा सोसावी लागते. तात्पर्य, प्राधान्य-रांगेने प्रतीक्षा नाहीशी होत नाही. ती इतरांकडे सरकते.