उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

गोडी छाटणीनंतर पाऊस पडतो, केवड्याची फवारणी तातडीने करायची असते आणि नेमक्या त्याच पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना हे नवीन नाही. दोष बहुधा इंजिनाचा नसतो. पावसाळ्यात महिना-दोन महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली असते.

बॅटरी न वापरताही हळूहळू उतरतेच. तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. मग कितीही चार्ज केली तरी पूर्वीची ताकद येत नाही.

म्हणून ट्रॅक्टर उभा करताना प्रथम ऋण टोकाची वायर सोडवावी. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावा, मात्र झाकणे घट्ट असावीत. कोरडे करून व्हॅसलीन लावावे. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे; विहिरीचे पाणी किंवा ॲसिड घालू नये. महिन्यातून एकदा मल्टिमीटरने तपासावे. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेल्यास चार्ज करावी. 80 अँपिअर-अवरच्या बॅटरीस 8 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळपास बिडी-काडी नको.

आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालवले की भागते, असे बरेच जण समजतात. पण तेवढ्यात बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज जुन्या रबरी खोक्यांच्या काळातला. आजच्या प्लॅस्टिकच्या बॅटरीला तो लागू नाही.

पुन्हा जोडताना धन टोक आधी, ऋण शेवटी.