कासवं कधी शोधायची?

अबू धाबीच्या सादियात किनाऱ्यावरची हॉटेलं वाळूच्या टेकड्यांपासून ६० मीटर मागे बांधली आहेत. कारण या वाळूत हॉक्सबिल कासवं अंडी घालतात, आणि ही जात नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. बांधकामाआधी पर्यावरणाचा अभ्यास इथे १९९९च्या कायद्यानेच सक्तीचा आहे. पण माझ्या मते, तो कोणत्या महिन्यात होतो हे जास्त महत्त्वाचं. मादी साधारण मार्च ते जूनमध्ये येते. डिसेंबरात पाहाल तर किनारा रिकामाच! (आपल्या वेळासला उलट, ऑलिव्ह रिडले येतात त्या थंडीत.) पुढे प्रश्न उजेडाचा. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात, मग समुद्राऐवजी थेट हॉटेलकडे! म्हणून किनाऱ्याकडचे दिवे मंद हवेत. टेकड्या तुडवल्या जाऊ नयेत म्हणून वरून लाकडी पूल आहेत. मुलांना त्यावरूनच न्या.