विद्यमान फाइली व नव्या प्रणालीची उभारणी

संगणकावर नवा प्रकल्प सुरू करताना लागणारी फाइलींची चौकट आपोआप तयार करून देणाऱ्या आज्ञावलीस मांडणी-साधन म्हणता येईल. ही चौकट नेहमी रिकाम्या जागीच उभी राहते असे नाही. तेथे त्याच नावाची फाइल आधीपासून असल्यास आणि नवी फाइल तिच्यावर लिहिली गेल्यास जुना मजकूर सहसा परत मिळत नाही. म्हणून साधनाने थांबावे, वापरणाऱ्यास विचारावे किंवा जुने राखून उणे असेल तेवढेच भरावे, असे मार्ग रूढ आहेत. गिट (२००५) या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची आरंभाची आज्ञा जुन्या संग्रहात पुन्हा दिली, तरी त्यातील काही पुसले जात नाही. डेबियन या लिनक्स वितरणात अद्ययावतीकरणाच्या वेळी वापरणाऱ्याने स्वतः बदललेली मांडणीची फाइल आढळली, तर प्रश्न विचारला जातो आणि नुसती एंटर कळ दाबल्यास जुनीच फाइल कायम राहते.

जुने व नवे यांचा हा प्रश्न महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला, तो सातबारा उताऱ्यांच्या संगणकीकरणात. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक व बारा ही पिकांची नोंदवही. एकाच जमिनीचा एक हस्तलिखित उतारा तलाठ्याच्या दप्तरात व दुसरा संगणकात, अशी स्थिती काही काळ होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे नक्कल करताना गळलेले नाव ही केवळ लेखनातील चूक राहत नाही. खातेदाराचे पीककर्ज, खरेदीखत किंवा भूसंपादनाचा मोबदला तिच्यापायी अडू शकतो. पुणे-सातारा महामार्गावरील नीरेकाठच्या शिरवळसारख्या (ता. खंडाळा, जि. सातारा) गावी उद्योगांच्या वाढीबरोबर जमिनीचे व्यवहारही वाढतात, एकेका गटावर फेरफारांची रांग लागते आणि चुकीस तितक्याच जागा मिळतात.

यावर योजलेला उपाय नव्याने जुन्याला झाकू न देण्याचा होता. हस्तलिखित उतारा प्रमाण धरून संगणकातील नोंदी त्याच्याशी ताडण्यात आल्या व ‘री-एडिट’ या सुविधेतून दुरुस्त्या झाल्या. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते की नाही, हे आज्ञावली तपासू शकते. परंतु बेरीज जुळूनही एखाद्या बहिणीचे नाव राहून गेलेले असू शकते. म्हणून २०१७ मध्ये चावडीवाचन घेऊन उतारे गावकऱ्यांपुढे वाचण्यात आले. सर्व तपासण्यांत हीच अधिक मोलाची म्हणावी लागेल, कारण ज्याचे नाव गळाले तोच ते ओळखतो. तलाठ्याने घोषणापत्र दिल्यावर मात्र थेट बदलाची वाट बंद झाली. पुढील बदल गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही हिच्यामार्फतच होऊ लागले आणि उरलेल्या लेखनप्रमादांसाठी कलम १५५ खालील आदेशाची तरतूद राहिली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले.

जुने हस्तलिखित अभिलेख ई-अभिलेख प्रकल्पात प्रतिमारूपाने जतन करण्यात आले आहेत. एखादी नोंद कोणत्या फेरफाराने आली याचा वाद निघाला, तर शोध त्यांच्यापर्यंत मागे न्यावा लागतो.