खुंट्यांची भिंत

संगणकाच्या आज्ञावल्या हा घरातील तरुण मंडळींचा विषय, असे म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी हे पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे. कारण त्यामागील प्रश्न फार जुना आहे : पुढे येणाऱ्यांना काय लागेल हे ठाऊक नसताना आज घर कसे बांधावे?

जुन्या वाड्यात भिंत रचतानाच खुंट्या व कोनाडे ठेवीत. पुढे तेथे कोणी पगडी टांगो वा कंदील, भिंत फोडावी लागत नसे. 'एक्लिप्स' ही चौकट अशाच रीतीने रचलेली आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यांची अवजारे एका जागी मांडता यावीत म्हणून आयबीएम या अमेरिकन कंपनीने ती तयार केली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तिची मूळ संहिता सर्वांस खुली केली.

या चौकटीचा गाभा लहान आहे. बाकीचे काम 'प्लग-इन' नावाचे सुटे भाग करतात; जावा भाषेत लिहिण्याची सोयदेखील असेच भाग पुरवितात. प्रत्येक भाग आपल्यासोबत एक टाचण आणतो. आपल्याला इतर कोणते भाग लागतात, आपण कोणत्या खुंटीवर बसणार आणि इतरांसाठी कोणती नवी खुंटी देणार, हे त्यात नमूद असते. चौकट आरंभी ही टाचणेच वाचते. भागाची संहिता गरज पडेल तेव्हा जागी करते. म्हणून भाग पुष्कळ असले तरी आरंभीचा भार बेताचा राहतो.

परंतु खुंटी देणे म्हणजे वचन देणे होय. तिच्यावर एकदा दुसऱ्याने ओझे टांगले की ती मनास येईल तेव्हा उपटता येत नाही. म्हणून खुंट्या थोड्या, पण विचारपूर्वक ठेवाव्या लागतात.

मालकीचा प्रश्नही असाच आहे. एका कंपनीच्या घरात आपले सामान ठेवण्यास तिचे प्रतिस्पर्धी कचरणारच. यावर उपाय म्हणून २००४ मध्ये एक्लिप्स फाउंडेशन ही स्वतंत्र, नफा न घेणारी संस्था स्थापन झाली. सी, पीएचपी इत्यादी भाषांची अवजारेही याच भिंतीवर बसली आहेत.

तेव्हा घरातील मुलाने वा मुलीने 'मी प्लग-इन लिहितो' किंवा 'लिहिते' असे सांगितल्यास वडीलधाऱ्यांनी निःसंकोच विचारावे : तू कोणाच्या खुंटीवर टांगलेस, आणि पुढच्यासाठी कोणती ठेवलीस?