पंख्याची धाप

"काऊन वं पोरी, तुह्या डब्यात गिरणी सुरू हाय काय?"

रात्री साडेअकराच्या सुमारास अंधारातून आजीचा आवाज आला आणि माझी बोटे थांबली. अकोल्याच्या आमच्या घरात आजीची खाट आणि माझे संगणकाचे टेबल एकाच खोलीत आहे. आजीची झोप सावध, आणि मला प्रबंध लिहायला रात्रच तेवढी मिळते. संगणक चालू ठेवावा तर म्हातारीची झोप मोडते, बंद करावा तर प्रबंध राहतो. या पेचाचे मूळ होते संगणकाच्या पेटीतला एक पंखा. त्याच्या नादी लागून जे शिकले ते येथे सांगते. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने शास्त्रशाखेच्या कुंपणावरून उडी मारली असा आरोप होईल, तो मान्य आहे.

ज्या पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो ते नुसते कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डावर बसवलेली बिस्किटाएवढी चौकोनी वस्तू. तिच्या डोक्यावर तिचा स्वतःचा लहान पंखा असतो. तो तिची उष्णता काढून पेटीतल्या हवेत सोडतो, बस्स. ती तापलेली हवा पेटीबाहेर घालवणे हे मागच्या बाजूच्या मोठ्या पंख्याचे काम. स्वयंपाकघरात कोणी आपल्याला कितीही वारा घातला, पण खिडकी बंदच असली, तर थोड्या वेळाने तो वाराही गरम लागू लागतो. मागचा पंखा म्हणजे ती खिडकी.

हे कळण्याआधी मी पहिला उपाय केला तो अडाणीपणाचा. पंख्याची तार उपटून टाकली. डिसेंबरचे दिवस होते, काम नुसत्या टंकलेखनाचे होते. आठवडाभर काही बिघडले नाही. मग स्नेहसंमेलनाची चित्रफीत जोडून देण्याचे काम अंगावर आले. अर्ध्या तासात प्रोसेसरचे तापमान ९० अंशांपलीकडे गेले आणि संगणक रेंगाळू लागला. प्रोसेसर असा एकदम जळत नाही. ९० ते १०० अंशांच्या आसपास तो आपणहून कामाचा वेग कमी करून जीव वाचवतो. पण त्याच्या शेजारचे बाकीचे भाग त्या उष्ण्यात शिजत राहतात. संगणकाचे हप्ते अजून चालू होते. तार निमूटपणे पुन्हा जोडली.

तार जोडताना लक्षात आले की ती एक नसून तीन आहेत. एक १२ व्होल्टची, दुसरी परतीची, आणि तिसरी पंख्याने मदरबोर्डाला निरोप पाठवण्याची. पंखा दर फेऱ्याला दोन ठोके पाठवतो, ते मोजून मदरबोर्डाला वेग कळतो. माझा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत होता, म्हणजे त्याची पूर्ण ताकद. अशा तीन तारांच्या पंख्याचा वेग कमी करायचा तर व्होल्ट कमी करावे लागतात. माझ्या पंख्याला ७ व्होल्ट दिले की फेरे ७०० च्या घरात येतात.

दुसरी जात चार तारांची. तिथे १२ व्होल्ट कायम पोचतात आणि चौथ्या तारेवरून हुकूम जातो. कुंभाराचे चाक डोळ्यांसमोर आणा. कुंभार काठीने चाकाला रेटा देतो, सोडतो, पुन्हा देतो. मधल्या वेळात चाक आपल्या वेगाने फिरतच असते. रेटा अधिक वेळ दिला तर चाक जोरात, कमी वेळ दिला तर संथ. चौथी तार हेच करते, फक्त सेकंदाला सुमारे २५,००० वेळा. हा आकडा इंटेल कंपनीच्या २००५ सालच्या विनिर्देशात आहे, आणि त्यामागे शहाणपण आहे: माणसाचा कान २०,००० च्या वरचे कंप ऐकत नाही, त्यामुळे या रेट्यांची स्वतःची कुणकुण होत नाही. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. चौथी तार तुटली तर पंखा थांबत नाही, पूर्ण वेगाने धावतो. बिघाड व्हायचाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी ही योजना.

आणि इथेच आमच्या गिरणीचा उलगडा झाला. पंखा तीन तारांचा. पण पेटी जोडून देणाऱ्याने बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून जो पडदा उघडतो तिथे, पंख्याची पद्धत पीडब्ल्यूएम ठेवलेली. मदरबोर्ड हुकूम सोडत होता चौथ्या तारेवर, जी पंख्याला नव्हतीच! १२ व्होल्ट मात्र अखंड मिळत होते. पीडब्ल्यूएमच्या जागी 'डीसी' निवडताच आवाज असा उतरला, की संगणक बंद पडला की काय असे मला वाटले.

वेग थोडा उतरला तरी आवाज इतका का पडतो? पंख्यांच्या हिशेबात असे धरतात की वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट तेवढाच दुसरा पंखा जोडला तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन पंखे रमतगमत चालवणे शहाणपणाचे. मी पुढच्या बाजूला, हवा आत घेणारा, दुसरा बसवला. लोभाने वेग फार उतरवू मात्र नये. मी एकदा ४ व्होल्टपर्यंत गेले. फिरता पंखा फिरत राहिला, पण सकाळी संगणक सुरू केला तेव्हा पाती नुसतीच थरथरली. फिरत राहण्यापेक्षा फिरू लागायला जोर अधिक लागतो.

आता सर्व काही ठाकठीक, अशा समाधानात मी त्या रात्री लिहायला बसले. तर पुन्हा अंधारातून: "आता तुह्या डब्याले दमा झाला काय?"

मी चकित झाले. आवाज आधीपेक्षा कितीतरी कमी होता, आणि म्हातारी अधिकच जागी! कान देऊन ऐकले तेव्हा समजले. मी एखादी फाइल उघडली की प्रोसेसर क्षणभर तापायचा, पंखा उसळायचा. दोन सेकंदांनी तो निवायचा, पंखा बसायचा. धाप लागल्यासारखे. आजीने लग्नानंतरची कित्येक वर्षे सरकी काढण्याच्या जिनिंगच्या पाठीमागे काढली. यंत्रांची घरघर रात्रभर चाले आणि सगळे घर झोपे. जाग यायची ती जिनिंग मध्येच थांबली की! तिच्या झोपेचे वैर आवाजाशी नव्हतेच, आवाजाच्या चढउताराशी होते.

उपाय पुन्हा बायॉसमध्येच सापडला. मागचा पंखा प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला होता. तो सोडवून मी मदरबोर्डाच्या तापमानाला बांधला. प्रोसेसर क्षणात १५-२० अंश उडी मारतो. पेटीतली हवा मात्र सावकाश तापते आणि सावकाश निवते, आणि या पंख्याला हवेशीच कर्तव्य आहे. शिवाय वेग बदलण्यापूर्वी थांबण्याची मुदत वाढवली. तिसरी युक्ती मला सर्वांत आवडली: चढण्याचा आणि उतरण्याचा उंबरठा वेगळा ठेवायचा. ४५ अंशांना वेग वाढला तर ४१ ला येईपर्यंत तो कमी करायचा नाही. दोन्ही एकच ठेवले तर पंखा ४४ आणि ४५ च्या मध्ये उंबऱ्यावरच नाचत राहतो. या फरकाला हिस्टरेसिस म्हणतात. आमच्या घरातील शीतकपाटही याच न्यायाने चालते. नाहीतर ते दर मिनिटाला सुरू-बंद झाले असते.

आजी त्या रात्री झोपली. पण माझे आकडे डिसेंबरचे होते. मे उजाडला. अकोल्याचा पारा ४५ च्या घरात, आणि रात्रीही खोलीत ३६-३७ अंश. पंखा पेटीला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतले आणि बाहेरचे अंतर कमी राखतो. डिसेंबरात ३० वर असणारा मदरबोर्ड मेमध्ये नुसता बसल्या जागी ४८ दाखवू लागला आणि पंखे रात्रभर वर चढलेले. प्रोसेसरची वरची मर्यादा मात्र ऋतूप्रमाणे सरकत नाही, म्हणून पंखे बळेच उतरवणे मला धोक्याचे वाटले. मी त्यांना ९०० फेऱ्यांवर स्थिर बांधून टाकले. आजीची तक्रार आली नाही, कारण मेमध्ये खिडकीतला कुलर असा गर्जतो की त्यापुढे माझे दोन पंखे कोणाला ऐकू जाणार! चित्रफितीची जड कामे तेवढी पहाटे पाचला उरकते.

एक गोष्ट आकड्यांनी सुटत नाही. आमच्याकडे हवेत धुळीबरोबर कापसाची म्हव असते. पुढच्या जाळीवर तिचा थर बसला की तेवढ्याच फेऱ्यांत हवा कमी येते, आणि बायॉसच्या पडद्यावर वेग मात्र जसाच्या तसा दिसतो. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी संगणक बंद करून, पाती बोटाने धरून ठेवून, मी जुन्या रंगाच्या ब्रशने जाळी झाडते. मागच्या खेपेस निघालेली म्हव आजीने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, एवढ्यात समईच्या दोन वाती झाल्या असत्या.