आजीच्या वहीतला पाइंट

मुलांनो, घरात आजीची पाककृतींची जुनी वही असेल तर ती उघडून पाहा. तिच्यात लिटर क्वचितच दिसेल. कुठे शेर, कुठे पाइंट, कुठे औंस. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि बाजारातली मापे हळूहळू बदलली, पण वहीतली तशीच राहिली. इथे इस्रायलमध्ये सगळे लिटरमध्येच मिळते, तेव्हा हिशेब आपणच करायचा.

पाइंट म्हणजे किती, हे विचारण्याआधी कोणाचा पाइंट ते विचारावे. इंग्रजांनी १८२४ साली आपला गॅलन ठरवला: दहा पौंड पाणी मावेल एवढा. त्याचे ८ पाइंट, आणि एका पाइंटाचे २० औंस. अमेरिका तोवर स्वतंत्र झाली होती. तिने वाइन मोजण्याचा जुना, लहान गॅलन तसाच ठेवला. तिचा पाइंट १६ औंसांचा. म्हणून इंग्रजी पाइंट ५६८ मिलिलिटर, तर अमेरिकन ४७३. गॅलन इंग्रजी असेल तर ४.५४६ लिटर, अमेरिकन असेल तर ३.७८५.

आपल्याकडे राज्य इंग्रजांचे होते, तेव्हा वहीतला पाइंट इंग्रजीच धरावा. समजा, रोश हशानाच्या चिकाच्या हलव्याला ४ पाइंट नारळाचे दूध लिहिले आहे. ४ गुणिले ५६८, म्हणजे २२७२ मिलिलिटर. सव्वादोन लिटर आणि वर थोडे. नातवाने फोनवर पाहून अमेरिकन पाइंट धरला तर १८९२ मिलिलिटरच होते. जवळजवळ दोन पेले दूध कमी! मग चीक नीट शिजायच्या आत हलवा घट्ट होतो आणि दोष मात्र आजीच्या वहीला.

तोंडी हिशेबाला दोन गोष्टी पुरतात: ७ इंग्रजी पाइंट म्हणजे जवळजवळ ४ लिटर, आणि ११ इंग्रजी गॅलन म्हणजे ५० लिटर. दुसरा हिशेब इतका चपखल बसतो की मला त्याचे नेहमी कौतुक वाटते.

शेराचे मात्र सांभाळून. धान्य मापायचा शेर वेगळा आणि गावोगाव निराळा. वजनाचा ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तेल पाण्याहून हलके, एका लिटरचे वजन साधारण ९२० ग्रॅम. म्हणजे वजनाने घेतलेले शेरभर तेल लिटरभरच झाले की! आपण शनवार तेल्यांची लेकरे, एवढे तरी पाठ असावे.

स्वयंपाकात थोडे इकडेतिकडे चालते, औषधात नाही. चहाचा चमचा ५ मिलिलिटर, मोठा चमचा १५. हिब्रूत लहान तो कपीत आणि मोठा तो काफ. (मराठीत कफ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि औषधही बहुधा त्याचेच असते.) ऐकण्यात घोटाळा झाला तर लेकराला तिप्पट औषध जाते. घरातले चमचेही एकसारखे नसतात. म्हणून डॉक्टरांना मिलिलिटरमध्येच विचारावे, कागदावर लिहून घ्यावे, आणि बाटलीबरोबर आलेल्या पिचकारीनेच मोजावे. आजीआजोबांना पिचकारीवरचे बारीक आकडे दिसत नसतील, तर योग्य रेघेवर रंगीत पट्टी चिकटवून द्यायचे काम तुमचे.