मुळशीतून कोण गेलं, कोण आलं

सीमा, स्थलांतर आणि माणसांची ये-जा यांवर संशोधन करणारे अभ्यासक मेक्सिकोच्या भिंतीकडे नाहीतर भूमध्य समुद्रातल्या होड्यांकडे डोळे लावून बसतात. त्यांनी एकदा पुण्याच्या चांदणी चौकातून पौडची एसटी धरावी. कोण हललं, कुणाला हलवलं आणि हलण्याची नोंद कुणाच्या नावावर झाली, हे तिन्ही प्रश्न मुळशी या एका तालुक्यात भेटतात.

सगळ्यात लांब गेलं ते पाणी

मुळा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. आधी मुठा, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर असा तिचा रस्ता. टाटांच्या मुळशी धरणाने तो मोडला. धरणातलं पाणी बोगद्यातून सह्याद्री पार करतं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि कुंडलिकेतून रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे या पाण्याचा समुद्रच बदलला! कोलाडला शनिवार-रविवारी हेल्मेट घालून, किंचाळत राफ्टिंग करणारी मंडळी असतात ना, त्यांच्या बोटीखाली हेच मुळशीचं पाणी असतं. भिऱ्याहून पाणी सुटलं की तिथला धंदा सुरू.

पाण्याच्या या परागंदा होण्याचा हिशोब पुढे राज्यांच्या भांडणातही निघाला. कृष्णेच्या पाण्यावर निवाडा देताना बच्छावत लवादाने टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी मर्यादा घातली: कुठल्याही एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त पाणी खोऱ्याबाहेर न्यायचं नाही. पाण्यालाही कोटा असतो तो असा.

पॅरिसला बॉम्ब शिकून आलेला सत्याग्रही

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून मावळातली पन्नासेक गावं उठणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. मूळचे पारनेरचे. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले, भाषणामुळे शिष्यवृत्ती गमावली आणि तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बचं तंत्र शिकून आले. सरहद्दी त्यांनी इतक्या सहज ओलांडल्या, आणि लढले ते माणसांनी आपल्या बांधावरून हलू नये म्हणून. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली. शेवटी, १९२४ च्या डिसेंबरात, त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली आणि सात वर्षं तुरुंगात गेले. धरण मात्र झालं.

पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर जे लिहिलं, त्यातला एक मुद्दा पुणेकरांनी जरूर वाचावा. जमिनी कसणारे मावळे होते, पण कर्जापायी बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या होत्या, आणि हे सावकार बरेचसे पुण्याचे. त्यांना वाढीव मोबदला चालणार होता, कसणाऱ्याला जमीनच हवी होती. विस्थापित सगळे एकसारखे नसतात, हे आज परिषदांमध्ये सांगतात. मुळशीत ते शंभर वर्षांपूर्वीच उघड झालं होतं. व्होरांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच हे जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन आहे असं म्हटलंय. ते २००९ साली प्रसिद्ध झालं.

आणि हे ऐका: मुंबईत बापटांचं नाव ज्या रस्त्याला दिलंय, त्याचं जुनं नाव तुळशी पाईप रोड. तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून पडलेलं! शहरासाठी पाणी पळवण्याविरुद्ध लढलेल्या माणसाला नेमका हाच रस्ता मिळावा?

जत्रा आहे, डबा बंद

मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईला कमवायला गेले. त्यांतलेच डबेवाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ही व्यवस्था उभी केली. पुढे हार्वर्डने तिचा अभ्यास केला आणि २००५ साली राजपुत्र चार्ल्स यांच्या लग्नाला दोन डबेवाले जाऊन आले. लंडनचं कौतुक पुष्कळ झालं. मला जास्त मोलाची वाटते ती त्यांची एप्रिलची सुट्टी. गावच्या देवाची जत्रा आली की मुंबईचा डबा काही दिवस बंद. अभ्यासक याला चक्राकार स्थलांतर म्हणतात, साहेब लोक त्या दिवसांत वडापाव खातात.

सूनबाई, तुम्ही स्थलांतरित!

जनगणनेत माणूस आधी दुसऱ्या गावात राहत असेल तर तो स्थलांतरित. जिल्हा ओलांडायची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले, आणि बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण होतं लग्न. म्हणजे भूगावची मुलगी पिरंगुटला नांदायला आली की ती देशाच्या आकडेवारीत स्थलांतरित. उलट चिंचवडहून रोज हिंजवडीला येणारा, वाहतूक कोंडीत अर्धं आयुष्य काढणारा संगणक अभियंता? तो कुठेच गेलेला नाही. हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी गावं मुळशी तालुक्यातच, बरं का.

बाहेरून आलेले

एक म्हणजे लवळ्याचे विद्यार्थी. तिथे सिंबायोसिस विद्यापीठाचा परिसर आहे. या संस्थेची गोष्ट सुरू झाली फर्ग्युसनच्या वसतिगृहात, कावीळ झालेल्या एका परदेशी विद्यार्थ्यापासून. घरापासून दूर आजारी पडलेल्या त्या पोराचे हाल शां. ब. मुजुमदारांनी पाहिले आणि १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांना आधार म्हणून संस्था काढली.

दुसरं, चक्क एक इटालियन गाव. लवासाच्या रंगीत इमारतींचा आदर्श होता पोर्टोफिनो. पोर्टोफिनो आलं, पण पुढे ते उभारणारी कंपनीच दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली.

मग पैसा आला. जमिनी विकल्या गेल्या, गाड्या आल्या, आणि त्यापाठोपाठ जे आलं त्यावर प्रवीण तरडेंनी २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट काढला. विकलेल्या जमिनीमुळे आपल्याच गावात उपरा झालेला माणूस जनगणनेच्या कुठल्या रकान्यात बसतो, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याने गाव सोडलेलंच नसतं ना.